हसू विकत मिळत नाही

(प्रभादेवी येथे झालेल्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात एका निवृत्त अर्थशास्त्र-प्राध्यापकांनी दिलेल्या व्याख्यानाचा हा संपादित भाग.)



आजच्या अभ्यासवर्गासाठी आपल्या तरुण मित्रांनी मला जो विषय दिला, तो ऐकून प्रथम मी थोडा गांगरलो. पस्तीस वर्षे मी मूल्यसिद्धान्त आणि सार्वजनिक आयव्यय हे विषय शिकवले. राजकीय विनोदाचे ‘मीम’ समाजमाध्यमांवर पैसे खर्चून कसे पसरवावे, यावर बोलण्याचा अधिकार मला कोणत्या विद्यापीठाने दिला, असे मी त्यांना विचारले. तेव्हा आपली एक कार्यकर्ती म्हणाली, “सर, पैसे आमचे गेले आहेत. ते कुठे गेले, हे अर्थशास्त्राच्या माणसानेच सांगायचे ना?” या युक्तिवादापुढे मी निरुत्तर झालो आणि म्हणून आज आपल्यासमोर उभा आहे.

ज्यांच्या कानांवरून हा शब्द अद्याप गेला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. एखादे छायाचित्र किंवा चित्रपटातला एखादा क्षण घ्यावयाचा, त्यावर चार-सहा चुरचुरीत शब्द घालावयाचे आणि पाहणाऱ्याने हसून ते दुसऱ्याकडे पाठवावे अशी आशा धरावयाची, याला मीम म्हणतात. ही आशा कशी फळते आणि कशी फसते, हाच आजचा प्रश्न आहे.

आरंभ आपल्याच फजितीपासून करू. येथून हाकेच्या अंतरावर एक जुनी चाळ होती. २०१३ साली पुनर्विकासासाठी ती रिकामी करण्यात आली. तीन वर्षांत नवे घर आणि तोवर दरमहा भाडे, असा करार होता. पहिली काही वर्षे भाड्याचे धनादेश आले. पुढे ते उशिरा येऊ लागले आणि मग यावयाचेच थांबले. रहिवासी विरारला, डोंबिवलीला, संक्रमण शिबिरात असे विखुरले. चाळीच्या जागी आज पत्र्याचे कुंपण आहे आणि त्यावर एका उंच इमारतीचे रंगीत चित्र आहे. गेल्या वर्षी आपल्या तरुणांनी हा प्रश्न हाती घेतला. त्यांनी तीन मीमे तयार केली. त्यांत हिंदी चित्रपटातील नायक होते, इंग्रजी कोट्या होत्या आणि कोपऱ्यात पक्षाचे चिन्ह होते. डबा फिरवून जमवलेल्या पैशांतले आठ हजार रुपये भरून त्यांनी ती एका समाजमाध्यमावर जाहिरात म्हणून लावली. साठ हजारांहून अधिक पडद्यांवर ती झळकली, असा हिशेब त्यांच्या हाती आला. ती पुढे पाठवणारे बाराजण निघाले; त्यांतले सातजण आपलेच. रविवारच्या सभेला अकरा माणसे आली.

त्या अकरांत विरारहून गाडीने आलेल्या एक आजी होत्या. वय अठ्ठ्याहत्तर. कोणीतरी त्यांना विचारले, “आजी, घराचे काय झाले?” आजी म्हणाल्या, “बिल्डरच्या चित्रातली झाडं एव्हाना मोठी झाली असतील रे. कुणीतरी जाऊन बघून या, सावली पडते का.” सभा हसली. एका मुलाने ते बोलणे मोबाइलवर टिपले होते. त्याने ते चाळीच्या जुन्या गटात टाकले. तेथून ते परळला गेले, लालबागला गेले, शिवडीला गेले. जेथे जेथे असे चित्र लावलेले पत्र्याचे कुंपण होते, तेथील लोकांनी त्यात आपापली भर घातली. एकाने लिहिले, “आमच्या चित्रातल्या पोहण्याच्या तलावात शेवाळ आले.” दुसऱ्याने लिहिले, “आमच्या चित्रातला रखवालदार निवृत्त झाला, नवा नेमा.” यासाठी एक पैही खर्च झाली नाही. पुढल्या सभेला एकशे चाळीस माणसे आली आणि खुर्च्या कमी पडल्या.

आठ हजार रुपयांची मीमे जागच्या जागी बसली आणि आजींचे एक वाक्य गिरणगावभर हिंडले, असे का व्हावे? दैवयोग म्हणून हा प्रश्न बाजूस सारता येणार नाही. यामागे अर्थकारण आहे आणि समाजशास्त्रही आहे.

प्रथम अर्थकारण पाहू. समाजमाध्यम आपल्याला फुकट मिळते असे आपण समजतो. वस्तुतः त्या कारखान्यात कच्चा माल म्हणून आपला फुरसतीचा वेळ जातो आणि पक्का माल म्हणून आपले लक्ष जाहिरातदारांना विकले जाते. या परिसरात एकेकाळी भोंगा झाला की श्रमिक गिरणीत जात आणि मजुरी घेऊन बाहेर पडत. आजचा श्रमिक खिशात गिरणी घेऊन हिंडतो आणि मजुरी मागत नाही. जाहिरातीची जागा तेथे क्षणोक्षणी लिलावाने विकली जाते. निवडणूक जवळ आली, धनाढ्य पक्ष लिलावात उतरले, की बोली चढते. म्हणजे आपल्यासारख्या डबा फिरवणाऱ्या पक्षाला ज्या दिवसांत जागा हवी असते, त्याच दिवसांत ती सर्वांत महाग असते.

याला कायद्याचे बंधन नाही काय? आहे, परंतु लंगडे आहे. समाजमाध्यमांवरील राजकीय जाहिरात आधी प्रमाणित करून घ्यावी आणि तिचा खर्च उमेदवाराने आपल्या खर्चात दाखवावा, अशा सूचना निवडणूक आयोगाने २०१३ सालीच दिल्या. विधानसभेच्या उमेदवाराला महाराष्ट्रात ४० लाख आणि लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाख, अशी खर्चाची मर्यादा २०२२ साली ठरली. परंतु राजकीय पक्षाने पक्ष म्हणून किती खर्च करावा, याला मर्यादाच नाही. उमेदवाराचे पाय बांधले आणि पक्षाला मोकळे सोडले, तर शर्यत कोण जिंकणार हे सांगावयास अर्थशास्त्र लागत नाही.

तथापि पैसा हा या प्रश्नाचा अर्धाच भाग आहे. आपल्याजवळ आठ हजारांऐवजी आठ लाख असते, तरी ती मीमे साठ लाख पडद्यांवर दिसली असती, एवढेच. दिसणे आणि पुढे जाणे या दोन भिन्न क्रिया आहेत. पहिली विकत घेता येते. दुसरीत प्रत्येक माणूस स्वतःची पत गहाण ठेवतो. मावशीला, मेहुण्याला, कचेरीतल्या सोबत्याला एखादा विनोद पाठवताना माणूस मनाशी विचारतो, की हे पाठवल्यावर ते मला शहाणा म्हणतील की कुणाचा तरी भाट म्हणतील? राजकीय जाहिरातीवर ती कोणाच्या पैशाने लागली, हे छापणे आता मोठ्या समाजमाध्यमांवर आवश्यक आहे आणि ते योग्यही आहे. परंतु विनोदाच्या कपाळावर अशी पावती चिकटवली, की तो पुढे पाठवण्याची इच्छा विरते. पावती जोडलेली कोपरखळी कोणाला गुदगुल्या करणार?

आता कोणी म्हणेल, बड्या पक्षांचे काम तर यावरच चालते. त्यांचे कसे पसरते? मी त्याकडे बारकाईने पाहिले आहे. त्यांनी जाहिराती विकत घेतल्या हे खरेच आहे. परंतु त्यांनी वर्षानुवर्षे गल्लोगल्ली माणसांचे गट बांधले, ते रोज चालवले आणि प्रत्येक गटामागे एक जबाबदार माणूस ठेवला. २०१८ साली भारतात व्हॉट्सअॅपवर एका वेळी पाचांपेक्षा अधिक ठिकाणी संदेश पुढे पाठवण्यास अटकाव झाला. या अटकावाचा जाच कोणाला झाला असेल? ज्याच्याजवळ पाठवणारी माणसे थोडी, त्याला. प्रतिपक्षाकडून काही शिकावयाचे असेल, तर त्याचे गटबांधणीचे हे कष्ट शिकावेत. त्याचा द्वेष आणि त्याची थैली दोन्ही आपल्या कामाची नाहीत.

खरे म्हणजे ही विद्या आपल्या घरातलीच आहे. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने स्वातंत्र्यानंतरच्या काळात महाराष्ट्र पालथा घातला. वसंत बापट त्यात होते; निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके तेथूनच पुढे आले. पु. ल. देशपांडे यांनी ‘पुढारी पाहिजे’ हे लोकनाट्य या कलापथकासाठी लिहिले. त्याआधीच अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने गिरणगावच्या मैदानांत हजारो कामगारांना हसवले होते आणि हसवता हसवता विचार करावयास लावले होते. तमाशातील बतावणीची रीत तुम्हांला ठाऊक आहे. सोंगाड्याचा सांगाडा ठरलेला असतो, पण त्यातला मजकूर त्या त्या गावचा असतो. गावातला सावकार, तिथली रेशनची रांग, तिथला रस्त्यावरचा खड्डा त्यात आला, की प्रेक्षक म्हणतो, हा तर आपला माणूस! आजींच्या वाक्यात शिवडीकरांनी आपला तलाव घातला, तो हाच प्रकार होय. जो विनोद ऐकणाऱ्याला आपली ओळ जोडावयास जागा ठेवतो, तो दूरवर जातो.

दुसरा दाखला १९६७ चा. त्या वेळी मी सात-आठ वर्षांचा होतो. भिंतीवरची अक्षरे जुळवून मोठ्याने वाचावयाचे ते वय. गिरगावात आजोळी गेलो की भिंतींवर एकच मजकूर दिसे. मुंबईचे अनभिषिक्त राजे म्हणून ज्यांचा दबदबा होता, त्या स. का. पाटलांविरुद्ध दक्षिण मुंबईतून संयुक्त समाजवादी पक्षाचे जॉर्ज फर्नांडिस उभे होते. आपल्याला देवही पाडू शकणार नाही, अशा आशयाचे उद्गार पाटलांनी काढल्याचे सांगतात. समाजवाद्यांनी त्यावर शिवीगाळ केली नाही. तुम्ही पाटलांना पाडू शकता, एवढेच त्यांनी मुंबईकराला भिंतीभिंतींवरून सांगितले. देवाला जे जमणार नाही ते गिरगावातल्या कारकुनाला जमेल, हा त्यातला विनोद होता आणि तोच त्यातला लोकशाहीचा सिद्धान्तही होता. फर्नांडिसांना ४८ टक्क्यांहून अधिक मते मिळाली आणि पाटील पडले.

या कथेचा एवढाच भाग सांगून आपण थांबतो, ही आपली चूक आहे. ते भित्तिपत्रक ज्यांनी वाचले, त्यांच्यापैकी कित्येकांना जॉर्ज आधीच ठाऊक होते. टॅक्सीचालकांच्या, महापालिका कामगारांच्या, हॉटेलांतील पोरांच्या संघटना त्यांनी उभारल्या होत्या. १९६१ पासून ते नगरसेवक होते. भिंतीवरच्या शब्दांमागे वर्षांची पायपीट होती. पायपीट वगळून नुसते शब्द उचलले असते, तर ती एक चांगली कोटी ठरली असती आणि पाटील निवडून आले असते.

आता अलीकडच्या काळाकडे येऊ. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात तीन वाक्ये एखाद्या साथीसारखी पसरली. तिन्ही वाक्यांपासून निरनिराळा धडा मिळतो.

पहिले वाक्य, ‘मी पुन्हा येईन’. तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस २०१९ च्या जुलैमध्ये विधानसभेत ते बोलले. ऑक्टोबरच्या निकालानंतर युती मोडली आणि त्या वाक्याची यथेच्छ टिंगल सुरू झाली. २३ नोव्हेंबरला पहाटेच्या सुमारास उरकलेला शपथविधी तीन दिवसांत निष्फळ ठरल्यावर तर विनोदाला ऊत आला. त्या वेळी मीही हसलो होतो. पण एक गोष्ट आपण विसरलो. टिंगल करताना त्यांचेच वाक्य आपण कोटी वेळा उच्चारले आणि तेही विनामूल्य. २०२२ च्या जूनमध्ये ते उपमुख्यमंत्री म्हणून आणि ५ डिसेंबर २०२४ रोजी मुख्यमंत्री म्हणून परत आले, तेव्हा त्या टिंगलीचेच भविष्यवाणीत रूपांतर झाले. व्यक्तीच्या अपयशावर बेतलेला विनोद ती व्यक्ती यशस्वी होताच उलटतो. धोरणाच्या अन्यायावर बेतलेला विनोद तो अन्याय असेतो जिवंत राहतो.

दुसरे वाक्य, ‘काय झाडी, काय डोंगार, काय हाटेल’. २०२२ च्या जूनमध्ये गुवाहाटीला मुक्कामी असलेल्या आमदारांपैकी सांगोल्याचे शहाजीबापू पाटील यांच्या दूरध्वनीवरील संभाषणातले हे शब्द. महाराष्ट्रातले पोर न् पोर ते म्हणू लागले. गाणी झाली, कपड्यांवर छापले गेले. त्यापूर्वी २०१९ मध्ये ते अवघ्या ७६८ मतांनी निवडून आले होते. एवढी कीर्ती कोणत्याही जाहिरातीने मिळाली नसती. आणि २०२४ मध्ये? त्यांना शेतकरी कामगार पक्षाच्या बाबासाहेब देशमुखांनी सुमारे २५ हजार मतांनी पाडले. ज्या गणपतराव देशमुखांना सांगोल्याने अकरा वेळा विधानसभेत पाठवले, त्यांचे हे नातू. प्रसिद्धी आणि मत या दोन वेगळ्या वस्तू आहेत. एकीचा भाव चढला म्हणून दुसरीचा चढतोच असे नाही.

तिसरे वाक्य, ‘पन्नास खोके, एकदम ओके’. २०२२ च्या ऑगस्टमध्ये विधानभवनाच्या पायऱ्यांवर विरोधकांनी ही घोषणा दिली. काही दिवसांत ती बैलपोळ्याला बैलांच्या पाठीवर रंगवली गेली. तिचे शब्द रस्त्यावरचे होते. ‘खोका’ म्हणजे कोटी, हे मुंबईच्या पोराला शिकवावे लागत नाही. यमक असे, की एकदा ऐकल्यावर विसरणे कठीण. पुढे २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत महाविकास आघाडीने ४८ पैकी ३० जागा जिंकल्या, तेव्हा अनेकांना वाटले की घोषणेने किल्ला सर केला. परंतु सहाच महिन्यांत विधानसभेच्या २८८ पैकी जवळजवळ २३० जागा महायुतीकडे गेल्या. घोषणा तीच होती, यमक तेच होते. मधल्या काळात लाखो स्त्रियांच्या खात्यात ‘लाडकी बहीण’ योजनेचे दरमहा १,५०० रुपये पडू लागले होते. एवढ्या एकाच कारणाने निकाल फिरला असे म्हणणे अशास्त्रीय होईल. पण ज्या घरात महिनाअखेरीस तेल संपते, त्या घरात खोक्यांवरचे हसू पंधराशे रुपयांपुढे टिकत नाही, हे आपण समजून घेतले पाहिजे. त्या बाईला हिणवणे हा तर शुद्ध करंटेपणा होय. पंधराशेपेक्षा अधिक हक्काचे, अधिक टिकाऊ असे काय आपण तिच्यापुढे ठेवले, हा प्रश्न आपल्याला आहे.

विनोदाला किंमतही मोजावी लागते. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईतील बंदबद्दल फेसबुकवर प्रश्न विचारणारी पालघरची मुलगी आणि तिच्या मजकुराला पसंती देणारी तिची मैत्रीण, या दोघींना अटक झाली. ज्या ‘६६ अ’ कलमाचा तेव्हा आधार घेतला गेला, ते सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली रद्द केले. म्हणून धोका टळला असे समजू नका. २०२३ साली खोक्यांवर गाणे रचणाऱ्या एका तरुणावर अंबरनाथला गुन्हा नोंदला गेला. २०२५ च्या मार्चमध्ये कुणाल कामरा यांच्या विडंबनगीतावरून खारमधील ज्या सभागृहात तो कार्यक्रम ध्वनिचित्रित झाला होता, त्याचीच शिवसेनेच्या शिंदे गटाच्या कार्यकर्त्यांनी मोडतोड केली. मोडतोडीनंतर ते गाणे अधिकच पाहिले गेले, ही गोष्ट वेगळी. परंतु कामरांना देश ओळखतो. आपल्या वस्तीतल्या एकोणीस वर्षांच्या मुलाच्या दारात पोलिस उभा राहिला, तर त्याच्या आईशेजारी कोण उभे राहणार? ज्या पक्षाजवळ या प्रश्नाचे उत्तर नाही, त्याने तरुणांना मीमे करावयास सांगू नये. वकिलाचे नाव आधी ठरवा, चित्र मागून काढा.

एवढ्या विवेचनानंतर माझ्या अल्पमतीप्रमाणे चार सूचना करतो.

पहिली, विनोद कचेरीत बसून रचू नका. तो वस्तीत ऐका आणि टिपा. लोक आपल्यापेक्षा विनोदी असतात, कारण त्यांना अधिक सोसावे लागते. ज्याचे बोलणे टिपाल, त्याची अनुमती मात्र घ्या.

दुसरी, कोणाला हसावयाचे याचा विवेक सोडू नका. प्रतिपक्षातील माणसाचा रंग, जात, व्यंग, बायकोचे नाव यांवर हसू पिकवणे सोपे असते आणि ते पसरतेही. पण त्या हशाने विषमतेचाच पाया पक्का होतो. विनोद सत्तेवर असावा, दुर्बलावर नसावा.

तिसरी, पैसे खर्च करावयाचेच असतील, तर जे आपोआप चालू लागले आहे त्याला थोडा हातभार लावण्यासाठी करा. बसलेल्या बैलाला खांद्यावर घेऊन नांगरट होत नाही.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची. प्रत्येक विनोदाच्या मागे एक काम जोडा. मीम पाहून जो हसला, त्याला उद्या कोठे यावयाचे, कोणता अर्ज भरावयाचा, कोणाला भेटावयाचे, हे कळले पाहिजे. अन्यथा हसू ही एक प्रकारची वाफ आहे. झाकण उडवून ती निघून जाते आणि भांडे पुन्हा थंड होते. राज्यकर्त्यांना अशा हसण्याची मुळीच अडचण नसते.

आता त्या चाळीचे पुढे काय झाले, ते सांगून थांबतो. एकशे चाळीस माणसांच्या त्या सभेत प्रथमच थकलेल्या भाड्याची घरवार यादी झाली. ती घेऊन शिष्टमंडळ संबंधित कचेरीत तीन वेळा गेले. अकरा महिन्यांचे भाडे जमा झाले. त्याहून अधिक अजून येणे आहे. घर तर नाहीच. कुंपणाच्या आत गवत आहे आणि बाहेर चित्र आहे. मागच्या महिन्यात आजी भेटल्या. त्यांचे ते वाक्य किती लोकांनी ऐकले, हे मुलांनी त्यांना मोठ्या कौतुकाने सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “सगळे हसले, बरं झालं. पाया कधी खणणार?”

या प्रश्नाला मीम हे उत्तर नाही. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता उरलेल्या भाड्याची यादी पुरी करावयाची आहे. विरार आणि डोंबिवली येथे राहणाऱ्यांची घरे गाठण्यासाठी किमान सहाजण हवेत. ज्यांना शक्य असेल त्यांनी आज जाण्यापूर्वी नावे द्यावीत.